रुळाकाठच्या झाडोऱ्याची कुट्टी अन् खत : वर्षभर वापरून पाहिलं

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकते. कुट्टी (म्हणजे मशीनमध्ये बारीक केलेल्या फांद्या, कुंडीतली माती झाकायला) डोळे मिटून घ्या. खत विचारून, हुंगून, मुठीत दाबून घ्या. अन् पावसाळ्यानंतर कापलेल्या गवताचं खत असेल तं फुकट दिलं तरी घरी आणू नका. बाकीच्यांसाठी पूर्ण रामायण खाली आहे, चहा घेऊन बसा.

मी मनीषनगरकडे राहते. गच्चीवर सत्तरेक कुंड्या आहेत, सहा निळे ड्रम आहेत, अन् एका ड्रममध्ये संत्र्याचं झाड आहे जे पाच वर्षांपासून मला पुढच्या वर्षी नक्की, पुढच्या वर्षी नक्की करून फसवून राहिलं. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी गच्चीवर काढला त्यांना काही सांगायची गरज नाही. मे महिन्यात पारा ४५-४६ ला जातो, सकाळी सातला भरपूर पाणी दिलेल्या कुंडीला अकरा वाजता हात लावला तं तव्याला लावल्यासारखं होते, अन् एक संध्याकाळ चुकली की मोगऱ्याच्या काड्या. म्हणून माती झाकायसाठी मी आजवर काय काय नाही केलं. नारळाच्या शेंड्या टाकल्या, रसवंतीवाल्याकडून उसाचं चिपाड आणलं (मुंग्यांची जत्रा भरली, सासूबाईंनी दोन दिवस बोलणं सोडलं), कूलरच्या जुन्या ताट्यांमधलं वुडवूल सुद्धा पसरवून पाहिलं. वुडवूल बरं होतं पण पहिल्या वादळात अर्धं शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर.

तं फेब्रुवारीत सेमिनरी हिल्सकडच्या एका नर्सरीत गेली होती, तिथले माळीभाऊ म्हणाले, "ताई, रेल्वेवाली कुट्टी घेऊन तं पाहा, आम्ही पण तेच टाकून राहिलो." रेल्वेवाली म्हणजे रेल्वे विकते असं नाही बरं. रुळाच्या बाजूची झाडंझुडपं कापायचं काम ज्याच्याकडे असते त्याच्याकडून एक यार्डवाला तो सगळा काडीकचरा उचलतो, मशीनमध्ये बारीक करतो अन् विकतो. यार्ड शहराच्या बाहेर पूर्वेकडे आहे. नाव देत नाही, कारण पुढे तक्रार पण करणार आहे अन् माणसं मनानं वाईट नाहीत.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे, माझे बाबा रेल्वेत होते. ट्रॅकमन म्हणून लागले, की-मॅन (रोज रुळाच्या बाजूनं चालत रूळ तपासणारा) म्हणून रिटायर झाले, आमचं सगळं बालपण अजनीच्या क्वार्टरमध्ये गेलं. त्यामुळे रुळाच्या बाजूला काय उगवते अन् ते काहून कापावं लागते हे आम्हाला घरातच कळलं. यार्ड पाहायला मी बाबांना सोबत घेऊन गेली अन् तीच माझी चूक झाली किंवा नशीब म्हणा, कारण त्यांनी यार्डवाल्या भाऊंची अर्धा तास परीक्षाच घेतली.

लोकांना वाटते गवत कापतात ते स्वच्छतेसाठी. बाबा म्हणतात स्वच्छता गेली खड्ड्यात, वळणावर ड्रायव्हरला सिग्नल दिसला पाहिजे, फाटकापाशी रस्त्यावरच्या माणसाला गाडी दिसली पाहिजे. तो 'सी/फा' लिहिलेला बोर्ड पाहिला असेल तुम्ही, सीटी वाजवा पुढे फाटक आहे म्हणून, तो बोर्डच जर सुबाभळीच्या मागे गेला तं काय उपयोग. वरून २५ हजार व्होल्टची तार, तिच्यापासून २ मीटरच्या आत काही काम करायचं तं आधी वीज बंद करून घ्यावी लागते, मग फांदी आपोआप तिथपर्यंत वाढू देऊन कसं चालेल. अन् सगळ्यात मोठं म्हणजे गिट्टी. गिट्टीत गवत शिरलं की मुळ्यांसोबत माती धरते, माती आली की पाणी निचरत नाही, पाणी तुंबलं की गाडीच्या वजनाखाली रूळ खालीवर बसायला लागतो. उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला कोणाची बिडी लागली तं केबल जळणार ते वेगळं, अन् पावसाळ्यात सकाळी एकट्यानं रुळाच्या बाजूनं चालणाऱ्याच्या पायाखाली काय असते ते बाबांनाच विचारा. साप त्यांनी इतके पाहिले की आता टीव्हीवर साप दिसला तरी नाव सांगतात.

तर कापणं चुकत नाही. प्रश्न एवढाच की कापलेल्याचं करायचं काय. बाबांच्या वेळी काही उत्तर नव्हतं, तिथंच ढीग लावायचे, वाळले की काडी लावायची, नाही तं आजूबाजूच्या बाया जळणाला घेऊन जायच्या. ती वेडी बाभूळ अन् सुबाभूळ चुलीत मस्त जळते. आता चुलीच कमी झाल्या. म्हणून यार्डवाल्याची आयडिया मला पटली.

यार्डात पाहिलं तं एका बाजूला चिपर मशीन, इतका आवाज की बोलता येत नाही, दुसऱ्या बाजूला ताडपत्रीखाली ढीग, अन् मधे तीन बाया खाली बसून माल निवडून राहिल्या होत्या. त्यांच्या बाजूला जे निघालं होतं ते पाहण्यासारखं होतं. पाण्याच्या बाटल्या, खर्ऱ्याच्या पन्न्या (नागपूर आहे, खर्ऱ्याशिवाय कसं होईल), चिप्सची पाकिटं, एक चप्पल, अन् गिट्टीचे दगड. दगड मशीनमध्ये गेला तं पातं जाते म्हणून ते नीट वेचतात, पन्नीनं मशीनला काही होत नाही म्हणून पन्नी तेवढी नीट नाही वेचत. हे माझं निरीक्षण, त्यांनी कबूल नाही केलं.

आता कुट्टीबद्दल. ४० किलोची चुंगडी २०० रुपये, १० चुंगड्या घेतल्या तं छोट्या हत्तीनं घरपोच. मी १० घेतल्या. माल बहुतेक सुबाभूळ, थोडी वेडी बाभूळ, थोडा कडूलिंब अन् बहुतेक करंज पण असावा. तुकडे बोटाच्या पेरापासून तं अर्ध्या बोटापर्यंत, वास ताज्या लाकडाचा, छान. फक्त एक, काटे. वेडी बाभळीचा काटा मशीनमधून सही सलामत बाहेर येतो बाप्पा, कसा येतो देव जाणे. मला पहिल्याच दिवशी अंगठ्यात गेला, ठणका दोन दिवस अन् सूज चार दिवस. हातमोजे घालूनच टाका, अन् कापडी नको, जाड रबराचे. लहान मुलं गच्चीवर अनवाणी फिरत असतील तं वेडी बाभूळ नसलेला माल मागा, सांगितलं तं ते वेगळा काढून देतात, ३० रुपये जास्त घेतात. हे मला दुसऱ्या वेळी कळलं, पहिल्या वेळी कोणी सांगितलं नाही.

रिझल्ट मात्र जबरदस्त. दोन-अडीच इंचाचा थर दिला, खोडापासून चार बोटं जागा सोडली (हे महत्त्वाचं, खोडाला चिकटवली की खोड सडते), अन् एप्रिल-मे मध्ये जिथे रोज सकाळ-संध्याकाळ मिळून २२ बादल्या लागायच्या तिथे १४ मध्ये भागलं. मोजून सांगते कारण बादल्या मीच उचलते. जास्वंद, गोडलिंब, मोगरा सगळे तरले. मोगरा तं पहिल्यांदा मेच्या शेवटापर्यंत फुलला. बोट घालून पाहिलं की वरची कुट्टी चरचरीत अन् खाली माती गार ओलसर. माझ्याकडे नऊ कुंड्या जागा नव्हती म्हणून बिनाकुट्टीच्या राहिल्या होत्या, त्यातल्या चार गेल्या. यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

वाळवी लागते का, हे प्रत्येक जण विचारते. आमच्या गच्चीवर नाही लागली. पण दिरांच्या शेतात मुरमाड जागी संत्र्याच्या बुडाशी टाकली होती तिथे एका बाजूनं उधई लागली. नागपूरच्या जमिनीत उधई नवीन नाही, कोरडं लाकूड जमिनीवर पडलं की येणारच, म्हणून जमिनीत टाकत असाल तं खोडापासून लांब टाका अन् अधूनमधून हलवत राहा.

आता माझी स्वतःची चूक पण सांगते, नाही तं फक्त दुसऱ्यालाच नावं ठेवल्यासारखं होईल. मार्चमध्ये उरलेली कुट्टी मी पालकाच्या टबमध्ये मातीत मिसळून टाकली, म्हटलं माती भुसभुशीत होईल. पंधरा दिवसांत पालक पिवळा. शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट लागली. दृष्ट कसली, लाकडात कार्बन बेसुमार अन् नायट्रोजन नावाला, हिरव्या पाल्यात कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण १५-२० ला १ असते अन् लाकडात ते शेकड्यात जाते, मग ते लाकूड कुजवायला जे जिवाणू लागतात ते आजूबाजूच्या मातीतला नायट्रोजन ओढून घेतात अन् पालक उपाशी. वर पसरवली तं काही होत नाही, कारण कुजणं फक्त वरच्या पातळ थरात चालते. मी सरकीची ढेप भिजवून तिचं पाणी दिलं तेव्हा कुठे रंग आला. तं कुट्टी वर, मातीत नाही. हे चुंगडीवर लिहून द्यायला पाहिजे असं मी यार्डवाल्या भाऊंना म्हटलं, ते म्हणाले, "ताई, वाचते कोण?"

कुट्टीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा काट्यासाठी कापला.

आता खत. इथे गोष्ट बिघडली.

फेब्रुवारीत कुट्टीसोबत दोन बॅगा खताच्या पण घेतल्या होत्या, २५ किलोची बॅग १८० रुपये. ते खत चांगलं होतं. काळसर, भुरभुरीत, मातीसारखा वास, मुठीत दाबलं तं गोळा होते अन् बोटानं टोकलं की फुटते, म्हणजे ओल बरोबर. पन्नीचे बारीक तुकडे निघाले पण ठीक आहे. वांगे अन् भेदरं (टमाटर) लावली होती, बरी आली. त्या भरवशावर ऑक्टोबरात आठ बॅगा मागवल्या, कारण दिवाळीनंतर मी सगळ्या कुंड्यांची माती बदलते. बॅग उघडली तं आतून गरम. हात घातला तं कोमट चहासारखी, अन् वास नाकात झोंबणारा, अमोनियाचा. तिथेच मला थांबायला पाहिजे होतं. पण मजूर आला होता, कुंड्या रिकाम्या झाल्या होत्या, म्हटलं चार दिवस उघडं ठेवू अन् भरू. भरलं.

तीन आठवड्यांनी गच्चीवर जे उगवलं ते पाहून बाबा हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, "तू तं अख्खी लाइनच घरी आणली." गाजर गवत, तरोटा, सुबाभळीची इवली रोपं, एका कुंडीत बेशरम (ते फांदीच्या तुकड्यातून फुटते, बी पण लागत नाही), अन् एक एरंडी. बाबा एकेकाला ओळखून नाव सांगत होते जसे जुने सोबती भेटले. तरोट्याची कोवळी भाजी करू म्हणाले. मी म्हटलं खबरदार.

गाजर गवत हसण्यासारखं नाही पण. आयात गव्हासोबत अमेरिकेतून आलं अन् १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं असं सांगतात, तेव्हापासून रेल्वेची लाइन अन् रस्त्याच्या कडा हे त्याचं माहेर झालं. एक झाड १५ ते २५ हजार बिया टाकते. काही लोकांना त्याची इतकी ॲलर्जी असते की नुसत्या परागानं अंग सुजते, माझ्या जावेला आहे, ती त्या दिवसापासून गच्चीवर आली नाही. माझ्याकडे भांडी घासायला न यायला तिला बहाणा पाहिजेच होता, तो हा मिळाला, पण ते जाऊ द्या.

तर असं झालं कसं? मी फोन केला, अन् भाऊंनी खरं सांगितलं याचं कौतुक आहे. पावसाळ्यानंतर लाइनच्या कडेचं गवत एकदम आलं, छाती-डोक्याएवढं, सगळं बी धरलेलं. पावसात ताडपत्री टाकून ढीग पडून राहिले, पालटायला माणूस नव्हता, अन् दिवाळीच्या आधी ऑर्डरी इतक्या आल्या की जे होतं ते चाळून भरलं. "ताई, वरून काळं दिसून राहिलं होतं," म्हणाले.

वरून काळं दिसणं म्हणजे खत होणं नव्हे. ढीग आतून तापतो हे खरं, ५५-६० डिग्रीच्या वर गेला तं बी मरते, पण ती गरमी ढिगाच्या पोटात असते, बाहेरच्या फूटभर थरात नाही. त्यासाठीच तो पालटायचा असतो, म्हणजे बाहेरचं आत जाईल. लांब ढिगांच्या पद्धतीत अमेरिकेच्या नियमांत मोजमाप असं धरतात की ५५ डिग्रीच्या वर १५ दिवस ठेवायचा अन् तेवढ्यात ५ वेळा पालटायचा. इथे एकदाही नाही पालटला. मग बाहेरच्या थरातल्या बिया आरामात झोपून राहिल्या अन् माझ्या कुंडीत येऊन उठल्या. सुबाभळीच्या बीचं टरफल तं असं कडक की लावायच्या आधी लोक गरम पाण्यात टाकतात, तिला अर्धवट ढिगाचं काय.

अन् इथेच मला जे कळलं ते या सगळ्या रिव्ह्यूमधलं कामाचं वाटते. फेब्रुवारीचं खत अन् ऑक्टोबरचं खत एकाच यार्डातलं, त्याच माणसांचं, तरी जमीन-अस्मानाचा फरक, कारण माल कधी कापला हे वेगळं. रेल्वे कापते गाडीसाठी, खतासाठी नाही. बाबांच्या वेळी मोठी कापणी पावसाळ्याच्या आधी अन् पावसाळ्याच्या नंतर व्हायची. फुलावर यायच्या आधी जे कापलं त्याचं खत निर्धास्त होते, गाजर गवताचं सुद्धा होते. नंतरचं म्हणजे बियांचं पोतं. थंडीत जे कापतात ते बहुतेक फांद्या, लाकूड, त्याची कुट्टी उत्तम. म्हणजे विकत घेताना भाव विचारायच्या आधी महिना विचारायचा. नॅरोगेजची नागभीड लाइन २०१९ ला बंद झाली त्यानंतर आम्ही बाबांसोबत एकदा पाहायला गेलो होतो, अडीच फुटाच्या त्या रुळांवर दोनच पावसाळ्यांत बोरी अन् रायमुनिया अशी चढली होती की रूळ शोधावा लागला. तेव्हा बाबा म्हणाले होते, जंगल काही जात नाही, फक्त वाट पाहते. मला तेव्हा ते जरा फिल्मी वाटलं होतं.

दुसरा मुद्दा खाण्याच्या भाज्यांचा, अन् हा मी हलक्यात नाही घेतला. रुळाच्या कडेच्या पाल्यावर काय काय बसलेलं असते त्याचा विचार करा. ब्रेक अन् चाकांच्या घासण्याचा लोखंडी भुगा, वरच्या तारेचा तांब्याचा, आपल्याकडे कोळशाच्या मालगाड्या म्हणजे कोळशाची धूळ, ऑइल. पूर्वी डब्यातलं संडास सरळ खाली पडायचं, बाबा त्या काळातल्या गोष्टी जेवताना सांगतात अन् आई त्यांना उठवते, आता बायोटॉयलेट बसले म्हणून तो प्रकार गेला. अन् तणनाशक. काही पट्ट्यांत फवारा मारतात. भाऊ म्हणाले आम्ही फवारलेल्या पट्ट्यातलं उचलतच नाही, जळालेलं पिवळं गवत ओळखू येते. ठीक आहे, पण कापायच्या दोन दिवस आधी फवारलेलं कसं ओळखणार?

म्हणून मी एक घरगुती टेस्ट केली, तुम्ही पण करा, पाच रुपये लागत नाहीत. चार प्लास्टिकचे ग्लास घ्या, दोनमध्ये हे खत निम्मं अन् साधी माती निम्मी, दोनमध्ये नुसती माती. एकात चवळी, एकात भेदऱ्याचं बी. तणनाशकांचा एक प्रकार असा असतो की तो खतात सुद्धा टिकून राहतो अन् चवळी-भेदऱ्याला लगेच कळते, पानं पेल्यासारखी वळतात, शेंडा मुरडतो. तीन आठवडे पाहायचं. माझ्याकडे फेब्रुवारीच्या खतात सगळं सरळ आलं, ऑक्टोबरच्या खतात चवळी आली पण रोगट पिवळी, वळलेली नाही. म्हणजे तणनाशक नसावं, कच्चेपणा. आपण काही नीरीची (नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था) लॅब नाही, धातूंचं आपल्याला घरी कळत नाही. त्यासाठी बॅगेवर छापील हिशोब पाहिजे. आपल्याकडे खत नियंत्रण आदेश १९८५ चा आहे, त्यात शहरी कंपोस्टचे आकडे दिलेत, ओल १५ ते २५ टक्के, कार्बन-नायट्रोजन २० च्या खाली, शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर नको, असं बरंच. या बॅगेवर काय होतं? एका बाजूला गणपती अन् दुसऱ्या बाजूला फोन नंबर. मी पालक, सांबार, मेथी यांना हे खत देत नाही. फुलझाडं, शोभेची झाडं, कुंपणाची मेंदी, यांना फेब्रुवारीचं खत खुशाल द्या.

(नागपूरबाहेरच्यांनी गोंधळू नका, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.)

तिसरी वस्तू गट्टू, म्हणजे भुसा दाबून केलेल्या जळाऊ कांड्या, व्हाइट कोल म्हणतात तेच. जास्त लिहिण्यासारखं नाही. ताज्या लाकडात जवळपास निम्मं पाणी असते, ते १०-१२ टक्क्यांवर आलं तरच गट्टू नीट बांधला जातो, अन् उन्हाळ्यात नागपूरच्या उन्हाला तोड नाही म्हणून एप्रिल-मेचे गट्टू टणक निघतात, पावसाळ्यातले हातात फुटतात. हे खरं तं बॉयलरचं जळण आहे. २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं कोळशाच्या वीज केंद्रांसाठी ५ टक्के बायोमास मिसळायचं धोरण आणलं, अन् कोराडी, खापरखेडा, मौदा सगळं आपल्याच आजूबाजूला, म्हणून भाऊंना तिकडे माल द्यायची स्वप्नं आहेत. होवो बिचाऱ्याचं. पण आम्ही डिसेंबरात दिरांच्या शेतात भरीत पार्टीला गट्टूंवर वांगे भाजले अन् पऱ्हाटीवरच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांवरच्या) भरिताची जी खमंग चव असते ती अजिबात नाही आली. नुसता धूर. पुन्हा नाही.

आता त्या ऑक्टोबरच्या खताचं काय झालं ते. भाऊंनी अर्धे पैसे परत दिले, अर्ध्याची कुट्टी देतो म्हणाले, मी घेतली. उरलेल्या पाच बॅगा अन् कुंड्यांमधून उपसलेली माती दिरांनी उमरेड रोडच्या शेतात नेली. तिथे नाडेपचं टाकं आहे. नाडेप माहीत नसेल तं विदर्भातल्या माणसानं लाजलं पाहिजे, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे काकांची ही पद्धत आहे, त्यांच्या नावाच्या अक्षरांवरूनच नाडेप. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच विटांचं टाकं, भिंतीत हवेसाठी भोकं, काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचा काला, त्यावर चाळलेली माती, असं भरत जायचं अन् वरून शेणमातीनं लिंपून टाकायचं. खूप थोड्या शेणात खूप खत, हा त्याचा मोठेपणा. दिरांनी यार्डचा माल शेणासोबत थर देऊन भरला, नोव्हेंबरात लिंपलं, फेब्रुवारीच्या शेवटी फोडलं. खत काळं, गार, वास पावसाच्या पहिल्या सरीचा. मी खात्री करायला दोन कुंड्यांत ओलं करून महिनाभर ठेवलं. एका कुंडीत सुबाभळीची तीन रोपं आली, गाजर गवत एक पण नाही. लिंपलेल्या टाक्यात ढिगासारखी गरमी टिकेल अशी आशा ठेवू नका, बी पूर्ण मरत नाही, तरी जे यार्डला जमलं नाही ते दिरांच्या म्हशींनी करून दाखवलं. ते खत या वर्षी भिवापुरी मिरचीला टाकलंय.

कच्च्या खताला पाचपैकी एक, फेब्रुवारीच्याला साडेतीन. सर्व्हिसला चार देते, कारण फोन उचलतात अन् चुकी मान्य करतात. जाणार असाल तं सकाळी दहाच्या आत जा, दुपारी मशीन बंद असते अन् शेडमध्ये भट्टी. स्वतःच्या रिकाम्या चुंगड्या नेल्या तं चुंगडीमागे १० रुपये कमी करतात. रोख किंवा यूपीआय दोन्ही चालते, बिल मागितलं तरच देतात.

मागच्या आठवड्यात परत गेली होती, बारा चुंगड्या कुट्टी आणायला, या वेळी बिनाकाट्याची. बाबा पण सोबत. चुंगड्यांवर काळ्या मार्करनं महिने लिहिलेले दिसले, 'जाने. लाकूड', 'फेब्रु. लाकूड', अन् कोपऱ्यात दहा-बारा बॅगा 'ऑक्टो. गवत'. मी म्हटलं या कितीला? भाऊ म्हणाले, "त्या तुम्हाला नाही देत ताई."